चौदा इंच पाणी

१

पेटी उघडली तेव्हा आत अकरा खाचा होत्या, खाचांत कापूस होता आणि खेळाडू एकही नव्हता.

भीमाशंकर भावजींनी पेटी उलटी केली, सुलटी केली, कापूस उपसून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. सतरंजीवर बसलेल्या बारा-तेरा माणसांनीही माझ्याकडे पाहिलं. मला ते आवडलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेरी नवी, पाट्या नव्या, पाट्यांवरचा रंग नवा. जुना एवढा दुष्काळच. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठवड्याला एक टँकर यायचा, आणि त्या टँकरवर बायकांची जी भांडणं व्हायची ती पुढं वर्षभर पुरायची. अशा दिवसांत आमच्या भावजींच्या डोक्यात फुटबॉल शिरला. खरा नाही. हैदराबादला कुणाकडे तरी त्यांनी तो पाहिला होता: हिरवं कापड टेबलावर अंथरायचं, त्यावर बोटाच्या पेराएवढे अकरा-अकरा खेळाडू मांडायचे, आणि टिचकी मारून खेळाडूनं मणी ढकलायचा. मणी हाच चेंडू.

"वहिनी, क्रिकेटला मैदान लागतं, कबड्डीला दम लागतो," ते म्हणाले. "ह्याला नुसतं बोट लागतं. दुष्काळात ह्याच्यासारखा खेळ न्हाई. घामसुद्धा येत न्हाई, की तहान लागंल."

माणूस सरकारी कारकून. खेळाआधी त्यांनी नियम लिहिले, एकतीस. मग पत्रं लिहिली. सहा गावांचे सहा संघ जमले: इकडून लातूर, उदगीर आणि शिरूर अनंतपाळ, तिकडून नांदेड, हदगाव आणि अर्धापूर. पाच महिने हे लोक एसटीनं एकमेकांच्या घरी जाऊन टिचक्या मारत होते. हिरवं पॉपलिन मी शिवलं, पांढऱ्या फितीनं रेघा मी मारल्या. कपडे शिवणं हाच माझा धंदा, तोही कुणी शिकवलेला नाही, उसवून उसवून शिकले. लातूरचे खेळाडू कुंभाराच्या नीलाबाईनं केले. तळाशी वजनाला जाड लोखंडी वायसर, नटबोल्टाखाली घालतात ती चकती, त्यावर मातीचा गडी, आणि अंगात कपड्याच्या निळीचा सदरा, डिंकात कालवून रंगवलेला.

चौतीस वर्षांचे आमचे भावजी आजवर कशातच पहिले आले नव्हते. लग्न दोनदा मोडलेलं. या लीगमध्ये मात्र ते फायनलला पोचले. समोर हदगावचा श्रीमंत; हे त्याचं नाव, ऐपत नव्हे. बक्षिसाला एक ढाल. रविवारी, अकरा वाजता, आमच्याच घरी.

शनिवारी संध्याकाळी मी काजं करत बसले होते. सासूबाई जवळच वाती वळत होत्या. मी चेष्टेनं म्हणाले, "आत्याबाई, आता देव पाण्यात घालून बसा. त्याबिगर तुमचं लेकरू जिंकत न्हाई." भावजी हसले. श्रीमंत पाहुणा म्हणून मुक्कामाला आला होता, तोही हसला.

आणि रविवारी पेटी रिकामी.

माझी गल्लीत एक ख्याती होती. शेजारणीची नथ मी कणकेच्या गोळ्यातून काढून दिली होती. एकीच्या नवऱ्याचा हरवलेला पगार मी त्याच्या चपलेतून शोधला होता. वाचनालयातली रहस्यकथांची सगळी पुस्तकं माझी दोनदा वाचून झाली होती. तेव्हा मी उठले, पदर खोचला आणि म्हणाले, "दार लावून घ्या. कुणी बाहेर जायचं न्हाई."

२

पहिला संशय उदगीरच्या गुंडप्पावर जायला हवा होता, आणि तो गेलाही. भुसार मालाचा व्यापारी, भावजींकडून शनिवारी सेमीफायनलला हरलेला. हरल्यावर तो म्हणाला होता, "लातूरवाल्यांनी आमचा जिल्हा नेला, आता ढालबी न्या." जिल्हा उदगीरच व्हायला पाहिजे होता असं उदगीरचं लहान पोरसुद्धा म्हणायचं.

"गुंडप्पा, तू काल रात्री कुठं होतास?"

"घरी. सातच्या गाडीनं गेलो, आज सकाळच्या गाडीनं आलो." त्यानं खिशातून दोन तिकिटं काढून माझ्यापुढं धरली. "अन् वहिनी, मला तर भावजीच जिंकायला पाहिजेत. म्हणजे मी कुणापुढं हरलो ते तरी सांगता येतंय. मातीचे पुतळे चोरून मी काय करू, वजनाला घालू?"

माणसं हसली. मी नाही हसले. तपास करणारी व्यक्ती हसत नसते असं मी वाचलं होतं.

नीलाबाई दाराशी बसली होती. आपले गडी खेळताना बघायला ती खास आली होती. मी तिच्याकडे वळायच्या आतच ती बोलली, "म्या परत न्हेले न्हाईत, शिवकांताबाई. म्या तर भावजीला सांगून ठिवलं होतं, कच्चे हायेत, जपून खेळवा. औंदा माती मळायला पाणी पुरंना, भट्टीला जळण न्हाई. उन्हात वाळवूनच दिलेत."

मी मान हलवली आणि पुढं गेले. कच्चे आहेत हे वाक्य माझ्या कानावरून टँकरच्या हॉर्नसारखं गेलं: ऐकलं, पण माझ्या गल्लीतलं नाही असं वाटलं.

मग सासूबाई. रत्नम्मा माझ्या सासूचं नाव; माहेर बिदरकडचं, डोळ्यांत मोतीबिंदू, बोलण्यात अधूनमधून कानडी. पेटी त्यांच्याच उशाशी, मधल्या घरात, देवळीखाली असायची.

"आत्याबाई, रात्री काही ऐकलं?"

"मी काय ऐकू, म्हातारी." त्यांनी जपमाळ पदराखाली घेतली. मग जरा थांबून म्हणाल्या, "पहाटं पाय वाजले. पाहुणा मधल्या घरातून आत गेला."

सगळ्यांच्या माना श्रीमंतकडे वळल्या.

आता माझ्या घरची एक रीत सांगायला हवी. स्वयंपाकघरात एक रांजण. त्यात आठवड्याचं पाणी. रोज रात्री जेवणं झाली की मी माझी कापड मापायची लाकडी पट्टी त्यात उभी घालायची आणि किती इंच भिजली ते बघायची. सकाळी पुन्हा. शनिवारी रात्री चौदा इंच होतं. रविवारी सकाळी मी पहिल्यांदा तेच पाहिलं, चौदा. दोन सूत इकडंतिकडं.

तेवढ्यात मला मागच्या अंगणातलं काहीतरी आठवल्यासारखं झालं. सकाळी खरकटं पाणी टाकायला गेले तेव्हा कढीपत्त्याच्या आळ्यात माती निळसर दिसली होती. कुणीतरी निळीचं पाणी ओतलं असेल असं वाटून मी आत आले होते. आताही तसंच वाटलं. माझ्यापुढं एक चोर उभा होता. निळ्या मातीकडे कोण बघतं.

३

श्रीमंत हदगावच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायचा. तिशीचा, हडकुळा, बोलणं कमी. त्याचा संघ त्यानं स्वतः कोरला होता, पळाटीचा. पळाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या काड्या, चुलीत घालायच्या. त्यातून त्यानं अकरा माणसं काढली होती आणि प्रत्येकाचं नाक वेगळं होतं.

"श्रीमंत, पहाटे आत कशाला गेला होतास?"

तो उभा राहिला. मोठ्या माणसांपुढं उभं राहून बोलायची त्याची सवय. "तहान लागली होती, वहिनी."

"पाणी प्यालास?"

"हाव."

मला इथे टाळी ऐकू यायला हवी होती. मी पट्टी आणली आणि सगळ्यांना दाखवली. "रात्री चौदा इंच, सकाळी चौदा इंच. रांजणातलं पाणी तसूभर उतरलेलं न्हाई. मग तू प्यालास ते कुठलं?"

एक पेला पाण्यानं पट्टीवर सूतभरही फरक पडत नाही, हे कुणी म्हणालं नाही आणि मलाही सुचलं नाही. त्याचे कान लाल झाले. चोराचे कान लाल होतात असं मी वाचलं होतं. दुसऱ्या कुणाचेही होतात हे त्या पुस्तकांत नव्हतं.

"नियम सतरा काय सांगतो, भावजी?"

भावजी जमिनीकडे बघत म्हणाले, "ज्याचा संघ पटावर हजर न्हाई, तो हरला."

"म्हणजे आज न खेळता ढाल कुणाची?"

शिरूरचा खेळाडू म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या हो. बाहुल्याच हायेत." तो बरोबर होता. पण मी शेवटच्या प्रकरणात आले होते, आणि तिथून परत फिरता येतं हे मला माहीत नव्हतं.

"पिशवी दाखव," मी म्हणाले.

"वहिनी, पिशवी राहू द्या."

"का?"

"तुमचे गडी न्हाईत तिच्यात. माझ्या आईची शपथ."

मी पिशवी घेतली आणि सगळ्यांसमोर सतरंजीवर उलटी केली. एक धोतर. एक टॉवेल. पळाटीचे अकरा गडी, टॉवेलात गुंडाळलेले. आणि गोडेतेलाचा पाच लिटरचा एक पत्र्याचा डबा, झाकणाचा. खेळाडू नव्हते. डबा रिकामा होता. मी आत बोट घातलं. ओला होता.

"हा कशाला आणलास?"

"असाच."

"असाच?"

"असाच आणलाय, वहिनी."

चोर चुकीचा निघाला की चोरी बदलायची, हे मला त्या क्षणी सुचलं. मी म्हणाले, "पाणी भरून न्यायला आणला होतास का? आमच्या घरातून?"

त्या उन्हाळ्यात लातुरात एखाद्याला दरोडेखोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाणीचोर म्हणणं चाललं नसतं. सतरंजीवरचा एक माणूस खोकला. नीलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मी बोलून बसले होते.

श्रीमंतनं पळाटीचे गडी एकेक करून टॉवेलात घातले. घाई केली नाही. एकाचं वायसर निसटलं होतं, ते अंगठ्यानं दाबून बसवलं. मग डबा उचलला.

"तुमच्या घरचं अन्न खाल्लंय," तो म्हणाला. "मी काही बोलत न्हाई."

ढाल भावजींनी त्याच्यापुढं धरली, नियमाप्रमाणं. त्यानं ती कोनाड्यात ठेवली आणि बसस्टँडकडे चालू लागला. दुपारच्या बाराचं ऊन. जाताना मी त्याला पाणी विचारलं नाही.

४

आठ दिवसांत तीन पत्रं आली. नांदेड, हदगाव, अर्धापूर. तिन्हींत मजकूर एकच, अक्षरं वेगळी: आम्ही लीगमधून बाहेर पडत आहोत. नांदेडवाल्यानं खाली एक ओळ जास्त लिहिली होती, 'आमच्या पिशव्या आम्ही आमच्या घरीच उघडतो.'

हिरवं कापड भावजींनी गुंडाळलं आणि माझ्या मशिनशेजारी आणून ठेवलं, कात्रण ठेवावं तसं. जेवायला माझ्यासमोर बसायचे ते ओसरीवर बसू लागले. माझे मालक शिरूर अनंतपाळला मास्तर, रविवारी घरी आले, सगळं ऐकलं, आणि एवढंच म्हणाले, "शिवकांता, तू पुस्तकं जरा कमी कर."

मी मात्र मनात मांडणी करतच होते. गडी पिशवीत नव्हते म्हणजे त्यानं ते आधीच कुठं तरी टाकले असणार. मी नाली बघितली, गच्ची बघितली, उकिरडा काठीनं उकरला. शेजारणी विचारायच्या, "काय हुडकून राहिल्या, शिवकांताबाई?" मी म्हणायची, "बटण."

मग अर्धापूरहून एक कार्ड आलं. लिहिणारे हणमंतराव, केळीवाले, त्यांच्या संघाचे मालक. कार्ड मला उद्देशून होतं.

'सौ. वहिनीस नमस्कार. पत्र पाठवले पण मन राहत नाही म्हणून हे लिहितो. श्रीमंतच्या डब्याबद्दल तुम्ही बोललात असे कळले. तो डबा त्याने जानेवारीपासून वागवला आहे. नांदेडला गाडी बदलताना तो डबा गोदावरीच्या पाण्याने भरून घेतो आणि दुष्काळी गावात ज्यांच्या घरी मुक्काम असेल त्यांच्या रांजणात पहाटे ओततो. सांगत नाही. पाहुण्याने पाणी आणले हे कळले तर घरच्यांना लाज वाटेल, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडे केळीला पाणी आहे, म्हणून आमच्याकडे रिकामा घेऊन आला होता. तेव्हा मी विचारले, म्हणून मला माहीत. तुम्हाला कळावे. त्याला कळू देऊ नये.'

मी कार्ड तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

तशीच उठून रांजणाजवळ गेले आणि त्याच्या कडेला धरून उभी राहिले. घरच्यांना लाज वाटू नये म्हणून तो 'असाच' म्हणाला होता. तेरा माणसांसमोर, दोनदा.

आणि मग, रांजण धरून उभी असतानाच, माझ्या लक्षात आलं की हिशेब बसत नाही.

५

पाच लिटर पाणी माझ्या रांजणात इंचभर तरी चढतं. मला त्या रांजणाचं पोट पाठ आहे. श्रीमंतनं पहाटे डबा ओतला, तर सकाळी पट्टी पंधरा इंच भिजायला हवी होती. भिजली चौदा. म्हणजे त्या रात्री रांजणातून डबाभर पाणी कुणीतरी काढलं होतं, आणि श्रीमंतनं, काहीच माहीत नसताना, ती जागा भरून काढली होती. ज्या चौदा इंचांनी मी त्याला खोटं पाडलं, ते चौदा इंच त्याचेच होते.

पाच तांबे पाणी. पिण्यासाठी एवढं कुणी काढत नाही. धुण्यासाठी? त्या आठवड्यात घरात कुणी एक कपडा धुतला नव्हता. टँकर सोमवारी यायचा होता. कपडे धुतले नव्हते, तर कढीपत्त्याच्या आळ्यात निळीचं पाणी आलं कुठून?

निळीचे सदरे. डिंकातले. कच्चे हायेत, जपून खेळवा.

मशिनच्या खणात माझं लोहचुंबक असतं. जमिनीवर सांडलेल्या सुया, टाचण्या गोळा करायला. ते दोऱ्याला बांधून मी मागच्या अंगणात गेले. आळ्यातली माती वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या, आणि खपल्यांना अजून फिकट निळा रंग होता. मी चुंबक मातीवरून फिरवलं. दोन वीत जागा. टक् असा आवाज झाला. एक वायसर चिकटून वर आलं. परत फिरवलं. टक्. सातव्यानंतर मी मोजायचं थांबले. मला आकडा माहीत होता.

मागं वळले तर दारात सासूबाई उभ्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण तो टक् आवाज त्यांनी ऐकला होता.

"सापडले?" त्यांनी विचारलं.

"सापडले."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले.

"तूच म्हणालीस, देव पाण्यात घाला," त्या म्हणाल्या.

"मी चेष्टा केली होती, आत्याबाई."

"चेष्टा व्हय. मला वाटलं, खरंच सांगलालीस. माझ्या माहेरी पाऊस न्हाई पडला की महादेवाला पाण्यात कोंडायचे. बुडाला की देव गुदमरतो, मग ऐकतो." त्यांनी नाक पुसलं. "पण आता देव बुडवायला घागर लागती. एवढं पाणी कुठलं. मग मी म्हणलं, देवानं तरी येऊन टिचकी कोण मारणार हाय? ज्यांनी काम करायचं, त्यांनाच घालू पाण्यात. बारके तर हायेत. पातेल्यात उभे मावले. पाच तांबे घातले, डोकी बुडंपर्यंत. म्हणलं, एकदा तरी जिंकव रे माझ्या लेकराला. एकदा."

"अन् सकाळी?"

"पहाटं हात घातला तर गाळ. नुसता गाळ. एकाचंबी डोकं हाताला लागंना." त्यांनी उजवा पंजा उघडून माझ्यापुढं धरला, जणू अजून त्यात चिखल आहे. "अंधारातच ओतून आले. आत येऊन पडले तवा पाहुण्याचे पाय वाजले."

मला विचारायचं नव्हतं. विचारलं. "मग मी त्याला विचारत होते तेव्हा तुम्ही बोलला का न्हाई? उलट पाय वाजले म्हणून सांगितलं."

"भ्याले."

"कुणाला? मला?"

त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्याच.

बावीस वर्षं मी त्या घरात होते. मला वाटत होतं, माझी हुशारी घरादाराला अभिमानाची वाटते. एका म्हाताऱ्या बाईनं मुलासाठी पाच तांबे पाणी घेतलं आणि ते सांगायला ती माझ्या पट्टीला भ्याली. भ्याली म्हणून दुसऱ्याच्या लेकराला तिनं पुढं केलं.

"तू भीमाशंकरला सांगू नगं," त्या म्हणाल्या, आणि कानडीत शिरल्या. "बेडा. नको. त्याला वाटंल, आईनंच हरवलं."

"भावजींना तुम्ही सांगा," मी म्हणाले. "हदगावला मी सांगते."

त्यांनी माझा हात धरला. मग सोडला. त्या संध्याकाळी ओसरीवर त्या भावजींजवळ जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, ऐकायला गेले नाही. माझ्यासाठी ते नवीन होतं. रात्री भावजी जेवायला आत येऊन बसले, एवढं खरं.

६

हदगावला पोचायला मला दोन गाड्या आणि अख्खी सकाळ लागली. रुमालात अकरा वायसर बांधून घेतली होती. श्रीमंतचं घर जिनिंगच्या मागं, दोन खोल्या, दारात पळाटीची रास. तो कामावर होता. दारात त्याची आई चतुराबाई धान्य पाखडत होती. मी लातूरची म्हटल्याबरोबर तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"आधी पाणी घ्या. उन्हातून आलाव." मग माझ्यासमोर बसत म्हणाली, "तुम्हीच का शिवकांताबाई? आमचा श्रीमंत लई सांगत असतो. लातूरच्या वहिनीनं लई जपलं म्हणतो. गरम भाकर, वर लोण्याचा गोळा."

तांब्या माझ्या हातात होता. तो वर नेता येईना, खाली ठेवता येईना.

त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

श्रीमंत दुपारच्या सुट्टीत आला तेव्हा सोबत जिनिंगमधली चार-पाच माणसं होती, भाकरी खायला. मला बघून तो दारातच थांबला. मग पटकन म्हणाला, "या वहिनी. बरे हायेत ना सगळे?" आणि डोळ्यांनी मला सांगितलं की आईसमोर नको.

त्यानं मला सुटायची वाट मोकळी करून दिली होती. मी नुसतं बसून, जेवून, त्याला बाजूला घेऊन चार शब्द बोलून परत जाऊ शकत होते. पण आरोप मी तेरा माणसांत केला होता.

"मला तुमच्या सगळ्यांसमोर बोलायचंय," मी म्हणाले आणि रुमाल सोडून वायसर जमिनीवर ओतली.

रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि हुशार माणूस उभा राहून क्रमानं सांगतो. मी बसूनच सांगितलं. पट्टी कशी घातली, चौदा इंच कसं आलं, पाय कुणाचे वाजले, तहान लागली म्हणाला ते मी कसं खोटं पाडलं. पिशवी कुणी उलटी केली. डब्यात कुणी बोट घातलं. पाणी भरून न्यायला आणला होता का, असं कुणी कुणाला विचारलं. मग निळी माती, चुंबक, पातेलं. सासूबाईंचं नाव घेतलं, कारण खरं सांगायचं होतं. पण त्या का गप्प राहिल्या तेही सांगितलं. "गडी पाण्यानं विरघळले," मी म्हणाले. "त्यात गुन्हा कुणाचा न्हाई. गुन्हा त्याच्यानंतरचा हाय, अन् तो माझा हाय."

एक माणूस भाकरीचा घास हातात धरून बसला होता. त्यानं तो खाली ठेवला.

चतुराबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती लेकाकडे बघत होती. "तुला पाणीचोर म्हणले?"

"जाऊ दे, आई."

"अन् तू मला लोण्याचा गोळा सांगितला."

"लोणी होतं," श्रीमंत म्हणाला. "ते खोटं न्हाई."

म्हातारी उठली. मला वाटलं, आता तांब्या घेऊन आत जाईल, आणि तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पाणी हातात घेऊन बोलू नये. पिऊन टाका." मी प्याले. सगळा तांब्या. तिनं माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

श्रीमंत वायसर एकेक उचलून बघत होता. गंज चढला होता, पण एकही वाकलं नव्हतं. "चांगली हायेत," तो म्हणाला. "फायनल व्हायची हाय अजून. पण ह्या बारी हदगावला. अर्धापूरला अन् नांदेडला मी लिहितो." मग म्हणाला, "अन् वहिनी, गडी भाजून आणा."

चार वाजता मी निघाले. चतुराबाईनं आतून हाक मारली, "श्रीमंता, डबा भरून दे बाईला." मी नको म्हणणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. नको म्हणायचा हक्क माझ्याकडे उरलेला नव्हता.

नांदेडला गाडी बदलली. लातूरच्या गाडीत गर्दी होती. मी डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी झाकण दाबून बसले. खड्डा आला की थोडं पाणी लुगड्यावर सांडायचं. शेजारी लोह्याकडची एक बाई होती, डोक्याला रुमाल गुंडाळलेली. ती बराच वेळ डब्याकडे बघत होती.

"पाणी व्हय?" तिनं विचारलं.

"हाव."

"कुठून आणलं, बाई?"

असंच, म्हणता आलं असतं.

"ज्याला मी पाणीचोर म्हणाले होते ना," मी म्हणाले, "त्यानं दिलं."

बाईनं माझ्याकडे नीट बघितलं. पुढं खड्डा आला तेव्हा तिनं आपला एक हात झाकणावर ठेवला, आणि लातूर येईपर्यंत काढला नाही.